नववीत बोर्ड बदललं तर?

"मॅडम, आता स्टेट बोर्डाला टाकली तर पोरगी मागे पडंल का?" मी समुपदेशक; उन्हाळा आला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. विचारणारे बहुतेक आरटीईवाले, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळेत मूल घातलेले. त्या राखीव २५ टक्क्यांतला प्रवेश आठवीपर्यंतच मोफत. नववीला फी समोर उभी राहते.

असंच एक कुटुंब (खुणा बदलल्या आहेत). वडील रिक्षा चालवतात, आई चार घरी पोळ्या करतात. मुलगी सीबीएसईला. कर्ज काढायची तयारी.

"सीबीएसई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?" मी आईंना विचारलं.

"मी पोळ्या लाटते त्या घरातली पोरं."

मला वाटलं, यांना माहिती कमी पडतेय. म्हणून ती भरभरून दिली. जेईई-नीटला सीबीएसईत चालणारी एनसीईआरटीची पुस्तकं जवळची, पण एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, राज्याच्या अकरावी-बारावीवर बेतलेली. सेमी इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतूनच असतं. दहावीनंतर डिप्लोमा, तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वडील माना डोलवत राहिले. उपयोग शून्य.

तिसऱ्या भेटीत घरातली माणसं कागदावर काढून प्रत्येकापुढे शिक्षण लिहायला सांगितलं. (या नकाशाशिवाय मी शाळा-कॉलेजचं बोलतच नाही, सहकारी हसतात, हसोत.) वडिलांनी स्वतःपुढे 'नववी' लिहिलं आणि थांबले.

"गणितात गेलो. घरी विचारायला कोण होतं?"

"आता तरी कोण आहे, पप्पा?" मुलगी म्हणाली. "वर्गातल्यांना आईबाबा शिकवतात. मी अडलं की सोडून देते."

वडिलांनी पेन तिच्याकडे सरकवलं. "तुला काय पाहिजे, लिही." तिनं लिहिलं : गणिताची शिकवणी.

इतका वेळ आम्ही तिघं मोठी माणसं वडिलांचीच नववी सोडवत बसलो होतो! शिकलेल्या घरात बोर्ड कुठलंही असो, संध्याकाळी सावरायला माणूस असतो. तो फीच्या पावतीत दिसत नाही. म्हणून मी आता पालकांना आधी विचारते : अडलं तर पोर कुणाकडे जाणार? मग दहावीपर्यंतची फी, पुस्तकं, बस, शिकवणी असा सगळा खर्च मांडायला लावते. बदलायचंच तर नववीच्या सुरुवातीला. दहावीत हा खेळ नको.

मुलगी अनुदानित शाळेत सेमीला जाणार आहे. कर्ज टळलं, शिकवणी ठरली. आई मात्र दारातून मागे वळल्या. "मॅडम, जिथं पोळ्या करते तिथं विचारलं तर काय सांगू?"

पुढच्या भेटीला मी त्यांना एकट्यांनाच बोलावलं आहे.