जीपच्या प्रथमोपचार पेट्या: चौदा घ्याव्यात की एकच?

न्यू जर्सीतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वय ४७, नोकरी चांगली, मुलगी शाळेत. त्यांच्याकडे १९४३ सालची फोर्ड जीपीडब्ल्यू जीप आहे, स्वतःच्या हाताने चालती केलेली. एक वयस्कर संग्राहक दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्करी वाहनांच्या चौदा प्रथमोपचार पेट्या एकगठ्ठा ६,५०० डॉलरला द्यायला तयार आहेत. घरावरच्या कर्जमर्यादेतून (घर तारण ठेवून बँकेकडून लागेल तसे पैसे उचलायची सोय) ८ टक्क्यांनी पैसे उचलावेत, एक पेटी आपल्या जीपला लावावी आणि उरलेल्या तेरा पेट्या बारा वर्षांनंतर विकाव्यात, असा त्यांचा बेत आहे. 'सौ.चा विरोध आहे, तुम्ही काय म्हणता?'

नमस्कार. मी वहिनींच्या बाजूचा आहे, पण तेराच पेट्यांपुरता. एक पेटी जरूर घ्या. डॅशबोर्डखाली ती हिरवट डबी नसेल तर इतक्या मेहनतीने उभी केलेली जीप तुम्हाला अपुरी वाटत राहील. वडील पाटबंधारे खात्याची जीप चालवायचे, हेही तुम्ही लिहिलंय. अशा हौसेला मी परताव्याची पट्टी लावत नाही. ती पगारातून करा, म्हणजे झालं.

उरलेल्या तेरांना मात्र तुम्ही गुंतवणूक म्हणताय, मग हिशोब मांडावाच लागेल. एक पेटी साधारण ४६४ डॉलरला पडते. कर्जावर वर्षाला ५२० डॉलर व्याज, म्हणजे बारा वर्षांत ६,२४०. मुद्दल धरून १२,७४०. विकताना लिलावाचं शुल्क आणि टपालखर्च मिळून १३ टक्के जातील असं समजू. म्हणजे चौदाही पेट्या विकल्या तरी नुसती बरोबरी साधायला प्रत्येकीला साडेदहाशेच्या आसपास भाव यायला हवा. त्यातली एक तर तुम्ही जीपला लावणार. कर अजून धरलेलाच नाही. एक वर्षाहून जास्त ठेवलेली वस्तू संग्रहणीय म्हणून धरली गेली तर नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. शेअरवर यापेक्षा कमी लागतो. उलट ती हौसेची वस्तू ठरली आणि तोट्यात विकली, तर तो तोटा करात वजाही मिळत नाही. कर्जाचं व्याजही नाही, कारण पैसा घराच्या कामाला लागलेला नसेल. बाजारात तुरी, तसं हे आहे.

आता भाव वाढेल का? युद्धकाळात विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. पेट्याही मोठ्या संख्येने निघाल्या, त्यामुळे रिकामी पत्र्याची पेटी दुर्मीळ नाही. किंमत असते ती आतल्या मालाला: आयोडीन, डोळ्याचं ड्रेसिंग, भाजल्यावरचं मलम, रक्त थांबवायचा पट्टा, सगळं मूळ खोक्यांत, सील न फोडलेलं. आणि नेमकं तेच नासतं. झाकणाचं रबर कडक होऊन तडकतं, दमट तळघरात पत्र्याला गंज चढतो, मलम झिरपून खोक्यावर डाग पाडतं. सोनं पडून राहिलं तर काही बिघडत नाही; या मालाचं तसं नाही. शिवाय आतली खोकी आणि लेबलं हल्ली नव्याने छापून मिळतात. मूळ डब्यात नवा माल भरून 'पूर्ण' म्हणून विकणं अवघड नाही. जीपच्या सुट्या भागावरचा फोर्डचा 'एफ' हा ठसा तुम्ही डोळे मिटून ओळखाल, पण १९४३ ची पुठ्ठ्याची खोकी ओळखाल का? घेणारेही बहुतेक तुमच्यासारखे जीपवालेच. विकणारे काका आज संग्रह मोकळा करतायत. बारा वर्षांनी त्यांच्या पिढीचे आणखी किती संग्रह एकदम बाजारात येतील, याचा विचार करा.

पैशांपेक्षा मला एका गोष्टीची जास्त काळजी वाटते. पत्रातल्या चौदा पेट्यांच्या यादीत तुम्ही 'दोन विमानाच्या पेट्या' असं सहज लिहून गेलात. विमानांच्या पेट्यांत आणि पॅराशूट सैनिकांच्या पाकिटांत मॉर्फिनच्या छोट्या टोचायच्या नळ्या असायच्या, स्क्विब कंपनीच्या. ऐंशी वर्षं जुनी असली तरी भरलेली नळी हे नियंत्रित औषधच आहे. परवान्याशिवाय ती घरात ठेवणं हा गुन्हा. त्याहून जुन्या पेट्यांत भाजल्यावर लावायला पिक्रिक आम्लाची पट्टी सापडते. ते वाळून त्याचे खडे झाले की धक्क्याने स्फोट होऊ शकतो. असं काही दिसलं तर हात लावू नका, उघडून फोटोही काढू नका. पोलिसांना फोन करा. त्या दोन पेट्या या सौद्यातून काढायलाच सांगा.

काकांना विचारा, जीपची, आत बारा खोकी असलेली एकच पेटी द्याल का? चौदाच्या सरासरीपेक्षा ते जास्त मागतील, मागू द्या. सातशेपर्यंत गेले तरी घ्या, पण आधी झाकण उघडून रबर बघा. एक सुटी द्यायला ते तयार नसतील तर थांबा. जीपच्या मेळाव्यांत अशा पेट्या दिसत राहतात. घरावरच्या कर्जमर्यादेला हात लावू नका. ती छप्पर गळायला लागल्यावर कामी येते. तेरा पेट्यांचे पैसे मुलीच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं बचत खातं) दरमहा थोडे थोडे घाला, निदान वहिनी तरी तुमच्याशी बोलतील.

आणि तुमच्या रोजच्या गाडीत प्रथमोपचार पेटी आहे का? तुमच्या पत्रात तिचा कुठे उल्लेख नाही.