खेळाच्या अंगावर कलेची झूल

प्रिय,

तुझा मसुदा दोनदा वाचला. 'उत्तम खेळ ही कलाच असते' हे वाक्य चार ठिकाणी आलं आहे, आणि दर वेळी आधीपेक्षा जोरात. मला ते पटत नाही. खेळाला मोठेपण यावं म्हणून त्याच्या अंगावर कलेची झूल चढवायची, यात खेळावरच अन्याय होतो.

डिक फॉस्बरीची उंच उडी घे. १९६८, मेक्सिको सिटीचं ऑलिंपिक. वळणदार धाव, शेवटच्या पावलाला दांडीकडे फिरवलेली पाठ. मग डोकं, खांदे, कंबर एकामागून एक दांडीवरून ओघळतात आणि अगदी शेवटी पाय झटक्यात वर येतात. २.२४ मीटर आणि सुवर्णपदक. तेव्हा अनेकांना ती उडी विचित्र वाटली होती. आज पाठीची तीच कमान आपल्याला देखणी दिसते. पण ती देखणेपणासाठी जन्मलेली नाही. शरीर असं वाकलं की गुरुत्वमध्य दांडीच्या खालून जाऊनही अंग वरून पार होऊ शकतं. गरज आधी आली, सौंदर्य तिच्या मागून. चित्रकाराच्या रेषेला असा दांडीचा हिशेब द्यावा लागत नाही.

मग बर्फावरच्या फिगर स्केटिंगचं काय, हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. १९८४ला सारायेव्होच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये टॉर्व्हिल आणि डीन या ब्रिटिश जोडीला कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी पूर्ण सहा गुण दिले. तिथे 'कसं केलं' यावरच सगळं ठरतं. डेव्हिड बेस्ट या तत्त्वज्ञाने अशा खेळांना वेगळं काढलं, तरी त्यांना कला म्हटलं नाही. कलेला जगण्याविषयी काही म्हणता आलं पाहिजे, हा त्याचा आग्रह.

ऑलिंपिकने १९१२ ते १९४८ या काळात साहित्य, संगीत, चित्र, शिल्प आणि वास्तुकलेलाही पदकं दिली. त्यामुळे कला स्पर्धेत उतरली, खेळ झाली नाही.

मला सर्वांत खोल वाटतो तो फरक हरण्याचा. रंगमंचावर राजा मरतो आणि पडदा पडल्यावर नट उठून रंग पुसतो. शर्यत हरलेल्या धावपटूला पुसायला काही नसतं. ती हार त्याच्याच नावावर राहते. त्याचं ते वाकलेलं अंग, गुडघ्यांवर टेकलेले हात पाहून आपला घसा दाटतो, कारण ते कुणी रचलेलं नसतं. यावर तुझ्या मसुद्यात एक ओळही नाही.

ती चार वाक्यं काढ. फॉस्बरीच्या उडीची फीत आवाज बंद करून पाहा, आणि नजर कुठे अडकली तेवढंच आधी लिहून पाठव.

तुझा हितचिंतक