मी भेट दिलेली भांडी ज्यू मैत्रिणीने पाण्यात बुडवून घेतली. आमचा हात लागलेला त्यांना चालत नाही का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्याचे, संशोधनासाठी रेहोवोतला राहता, आणि प्रयोगशाळेतल्या एका धार्मिक ज्यू सहकारी बाईंना तुम्ही गावाहून आणलेला स्टीलचा मसाल्याचा डबा भेट दिलात. त्या खूश झाल्या, पण म्हणाल्या, "आधी मिकवेला नेऊन बुडवते, मग वापरते." (मिकवे म्हणजे धार्मिक शुद्धीसाठी बुडायचं पाण्याचं टाकं.) त्याच बाई तुमच्या घरी आल्या तर काही खात नाहीत. तुम्हाला हे आपल्याकडच्या विटाळासारखं वाटलं, आणि पाहुणचार कसा करायचा हेही कळेना.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली आहे, ठाण्यात वाढले आणि आता अश्दोदला राहते. तुम्हाला जे टोचलं ते मला नीट कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, भांडी बुडवणं आणि तुमच्या घरी न जेवणं हे दोन वेगळे नियम आहेत. त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

बुडवण्याला तविलत केलिम म्हणतात. त्याचा आधार तोरातल्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या, गणना पुस्तकात, 31 व्या अध्यायात आहे. मिद्यानच्या लढाईनंतर जी भांडी हाती आली त्यांचं काय करायचं ते तिथे सांगितलंय. सोनं, चांदी, तांबं, लोखंड, कथील आणि शिसं अशी सहा धातूंची नावं आहेत. जे विस्तवावर वापरलं गेलंय ते विस्तवातून काढा, आणि शिवाय पाण्याने शुद्ध करा. विस्तवाचा भाग आधीच्या अन्नाचा अंश काढून टाकण्यासाठी. पाण्याचा भाग त्याहून निराळा. तलमूद म्हणजे धर्मनियमांवरच्या जुन्या चर्चांचा संग्रह, त्यातल्या अवोदा झारा या ग्रंथाच्या शेवटी त्याची चर्चा आहे आणि तिथे ठरलं की कारखान्यातून आलेलं कोरं करकरीत भांडंसुद्धा बुडवायचं. म्हणजे हा अस्वच्छतेचा किंवा उष्ट्याखरकट्याचा प्रश्नच नाही. काच वितळवून पुन्हा घडवता येते म्हणून ऋषींनी तीही धातूच्या रांगेत बसवली. साधं मातीचं, लाकडाचं, दगडाचं भांडं बुडवावं लागत नाही. तुम्ही पोळपाट-लाटणं दिलं असतंत किंवा दगडी खलबत्ता, तर त्यांनी तो त्याच संध्याकाळी वापरायला काढला असता. हात तर तुमचेच लागलेले असते!

आता विटाळाबद्दल. तुमच्या शंकेला काहीच आधार नाही असं मी म्हणणार नाही. येरुशलमी तलमूदमध्ये (तलमूदची दुसरी, इस्रायलमध्ये रचलेली आवृत्ती) बुडवण्याचं कारण असं दिलंय की भांडं परक्यांच्या अशुद्धतेतून निघून इस्रायलच्या पावित्र्यात आलं. हे शब्द आहेत, आणि मराठी माणसाच्या कानाला ते बोचणारच. पण नियम प्रत्यक्षात कसा चालतो ते बघा. त्याच अवोदा झारामध्ये म्हटलंय की हे विकत घेतलेल्या भांड्यांना लागू आहे, मागून आणलेल्या नाही. तुमच्याकडून त्या बाईंनी चार दिवसांसाठी काचेचे ग्लास उसने नेले तर ते बुडवावे लागत नाहीत. त्याच ग्लासांची मालकी त्यांच्याकडे गेली की बुडवावे लागतात. ज्यू मालकाच्या कारखान्यात घडलं आणि बिगर-ज्यूच्या मालकीत कधी गेलंच नाही, अशा भांड्याला बुडवणं नाही. आणखी एक. शुल्हान आरुख या सोळाव्या शतकातल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, योरे देआ या भागातल्या 120 व्या प्रकरणात लिहिलंय की बिगर-ज्यू माणसाने भांडं मिकवेत बुडवलं तरी ते बुडवणं धरलं जातं. ज्यूने ते पाहिलेलं असलं म्हणजे झालं. उद्या त्या बाईंची पाठ दुखत असेल तर तुम्हीच त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा डबा बुडवू शकता. ज्या स्पर्शाने बाटतं असं मानलं जातं, त्याच स्पर्शाने शुद्धी होऊ देणारा विटाळ मी तरी कुठे पाहिलेला नाही.

जो माणूस ज्यू धर्म स्वीकारतो तोही त्याच पाण्यात पूर्ण बुडतो. भांड्याचंही तेच आहे. ते एका घरातून दुसऱ्या घरात आलं, आता त्यावर त्या घराचे नियम चालणार. सून घरात येताना माप ओलांडते, तेव्हा ती आधी अस्वच्छ होती असं कुणी म्हणत नाही.

प्रत्यक्षात काय करतात तेही सांगते, कारण भेट देणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. मिकवेत कमीत कमी 40 सेआ (सेआ हे जुनं माप) पाणी लागतं, साधारण 330 लिटर धरा. काही जण याहून बरंच जास्त मोजतात. ते पाणी पावसाचं किंवा झऱ्याचं हवं, बादलीने भरलेलं नको. समुद्रही चालतो. इस्रायलमध्ये बऱ्याच गावांत माणसांच्या मिकवेशेजारी भांड्यांसाठी वेगळं छोटं टाकं असतं, कठडा घातलेलं, जाळीची टोपली ठेवलेलं. मसाल्याच्या डब्याचं खरं काम तिथे पोचायच्या आधी घरी असतं. आपल्याकडे प्रत्येक वाटीच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली असते. ती नखाने निघते, पण गोंद राहतो, आणि पाणी आणि धातू यांच्यामध्ये काही आड आलेलं चालत नाही. मग तेल लावून, घासून तो चिकटपणा काढायचा. मिकवेवर पोचलं की झाकण वेगळं, सातही वाट्या वेगळ्या, चमचा वेगळा. आधी हात ओला करायचा, म्हणजे बोटांखालीही मिकवेचं पाणी असतं. "अल तविलत केलिम" असा आशीर्वाद म्हणायचा, एकच भांडं असेल तर "केली". वाटी तिरकी करून आत सोडायची, पालथी सोडली तर आत हवा अडकते. क्षणभर बोटं सैल करायची, वाटी पूर्ण बुडली की काढायची. एकदा पुरतं, काही जण तीनदा करतात. डब्यावर नाव कोरून दिलं असेल तर त्याने काही बिघडत नाही.

म्हणून पुढच्या वेळी भेट देताना चिठ्ठ्या काढून द्या. मात्र त्यांच्या वतीने आधीच बुडवून आणू नका. तुमच्या मालकीचं असताना बुडवलेलं मोजत नाहीत.

आता जेवणाकडे वळते. तुमच्या घरी न खाण्यामागे मुख्यतः कोशेर, म्हणजे खाण्यापिण्याचे ज्यू नियम, आहेत. तुमच्या कढईत पूर्वी काय शिजलं, त्याची चव धातूत मुरली का, हा एक प्रश्न. दुसरा असा की पूर्णपणे बिगर-ज्यूने शिजवलेलं अन्न आणि त्याने हाताळलेली वाइन यांवर ऋषींनी बंदी घातली, आणि त्यामागचा हेतू त्यांनी लपवलेला नाही. रोटीव्यवहार वाढला की बेटीव्यवहार होतो, तो होऊ नये म्हणून. तुम्हाला हे आवडो न आवडो, पण विखरून राहिलेल्या, कुठेच बहुसंख्य नसलेल्या लोकांनी टिकून राहायला उभं केलेलं ते कुंपण आहे. आम्ही कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली म्हणून ओळखले जायचो, बाकी भाषा, पेहराव सगळं शेजाऱ्यांसारखंच. जेवणाचे नियम नसते तर आम्ही उरलो असतो असं मला वाटत नाही. ठाण्यात आमच्या शेजारच्या काकू दिवाळीला आम्हाला फराळाऐवजी सुका मेवा आणि अख्खी फळं पाठवायच्या. कुणाचं काही अडलं नाही.

अवोदा झारा ग्रंथ ज्या गोष्टीने संपतो ती मला फार आवडते. इराणचा राजा शापूर याच्यासमोर मार येहुदा आणि बाती बार तोवी असे दोन ज्यू बसले होते. राजाने एत्रोग, म्हणजे महाळुंगासारखं फळ, कापून स्वतः खाल्लं आणि बातीला दिलं. मग सुरी दहा वेळा मातीत खुपसून साफ केली, पुन्हा फळ कापलं आणि मार येहुदाला दिलं. बाती म्हणाला, मी काय ज्यू नाही? राजा म्हणाला, हा पाळतो हे मला ठाऊक आहे, तुझ्याबद्दल खात्री नाही. एवढा मोठा राजा, पण पाहुण्याचा नियम त्याने स्वतःच्या हाताने सांभाळला.

भांड्यांचा खरा पेच आम्हा ज्यूंच्याच घरांत जास्त पडतो. तुमचा ग्लास तुमच्या मालकीचा, म्हणून त्यातून गार पाणी प्यायला तविलाची, म्हणजे बुडवण्याची, अडचण नाही. पण लोदला माझी मावशी राहते, कोशेर पाळते, भांडी मात्र बुडवत नाही. तिच्या ग्लासाला ती अडचण आहे! माझा भाचा येशिवात, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, शिकायला लागला आणि तिच्याकडे कागदी ताटली घेऊन जेवायला बसला, तेव्हा ती दुखावली. नियमाप्रमाणे न बुडवलेल्या पातेल्यात शिजलेलं अन्न निषिद्ध होत नाही, फक्त त्या भांड्यातून खाऊ नये. त्यामुळे तो मावशीच्या हातचं सगळं जेवत होता. माझं मत विचाराल तर अशा वेळी ताटली पुढे करण्याआधी दोन शब्द प्रेमाने बोलावेत. नंतर त्याने तेच केलं, आणि मावशीच्या परवानगीने तिची ताटं, पेले खोक्यात भरून मिकवेवर नेऊन आणले.

शब्बातच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी असा पेच आला तर शास्त्रात सांगितलेला तोडगा म्हणजे भांडं बिगर-ज्यू शेजाऱ्याला भेट देऊन टाकायचं आणि त्याच्याकडून उसनं घ्यायचं. तुमच्यासारख्या शेजाऱ्याचा असाही आधार असतो.

तुम्ही काय करू शकता? कोशेरचा शिक्का असलेली बंद पाकिटं आणा आणि त्यांच्यासमोर फोडा. कागदी ताटल्या, कागदी पेले ठेवा. फळं अख्खी ठेवा, प्रमाणपत्र असलेल्या दुकानातली. कुणाच्या अंगणातल्या झाडाची नकोत, कारण इथल्या फळांतून आधी दशांश काढावा लागतो. वाइन आणू नका.

आणि तुम्हाला त्यांना पोहे खिलवायचेच असतील तर त्यांच्या घरी जाऊन करा. भांडी त्यांची, जिन्नस त्यांना चालणारे, गॅस त्यांनी पेटवायचा. अश्केनाझी (मूळ युरोपातल्या ज्यूंच्या) रिवाजात ज्यूने आग पेटवली की बाकी स्वयंपाक तुम्ही केलेला चालतो. सेफार्दी (मूळ स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंचं) घर असेल तर कढईही त्यांनाच आचेवर ठेवू द्या. पोहे त्या स्वतः पांढऱ्या कपड्यावर पसरून किडे बघतील, कोथिंबीरही पुन्हापुन्हा धुतील. त्याला वेळ लागतो, म्हणून तासभर आधी जा.