घरच्या वायफायवरचा वेब सर्व्हर आयपीऐवजी नावाने कसा उघडायचा?

तुमची अडचण मला समजली ती अशी: जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय, त्यावर फोटो आणि टिपणं अशा दोन साइट आहेत. इन्स्टॉल करताना दिलेलं नाव त्या लॅपटॉपवर चालतं, पण फोनवर आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर नाही. तिथे आयपी (यंत्राचा आकडी पत्ता) टाकावा लागतो आणि टाकला तरी फोटोंचीच साइट समोर येते.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. नावावरून पत्ता शोधणं हे फोनचं आणि डीएनएसचं (नावाचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचं) काम. त्या पत्त्यावर पोहोचल्यावर कुठली साइट दाखवायची हे वेब सर्व्हरचं. मी एकदा रात्रभर अपाची या वेब सर्व्हरची सेटिंगची फाइल उलटीपालटी करत बसलो होतो, आणि सर्व्हरकडे रिक्वेस्ट पोहोचतच नव्हती. तेव्हापासून आधी दोन्ही भाग वेगळे तपासतो.

होस्टनेम दिलं म्हणजे लॅपटॉपने स्वतःचं नाव ठेवलं, एवढंच. बाकीच्यांना ते कोण सांगणार? लॅपटॉपवर ते चालतं, कारण डेबियन इन्स्टॉल होतानाच होस्ट्स फाइलमध्ये (यंत्रातल्याच नावं-पत्त्यांच्या यादीत) त्या नावापुढे सहसा १२७.०.१.१ लिहून ठेवतं. त्यामुळे सर्व्हरवरच बसून केलेली चाचणी जमेस धरू नका.

पहिलं काम राउटरमध्ये: डीएचसीपी रिझर्व्हेशन (राउटरने यंत्राला कायम तोच पत्ता द्यायची सोय) लावून लॅपटॉपचा आयपी पक्का करा, समजा १९२.१६८.१.५०. हे राहिलं तर पुढचं सगळं कधीतरी कोलमडणार.

आता नाव. एकच कॉम्प्युटर असेल तर त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहून मोकळे व्हा. पण फोनवर रूट केल्याशिवाय (पूर्ण अधिकार मिळवल्याशिवाय) ती फाइल बदलता येत नाही. लॅपटॉपवर अवाही (यंत्राचं नाव वायफायवर जाहीर करणारा प्रोग्राम) टाकलं तर शेवटी 'डॉट लोकल' असलेलं नाव काहीही न लिहिता बऱ्याच यंत्रांना सापडतं. मात्र ते यंत्रामागे सहसा एकच मिळतं, तुम्हाला दोन हवीत. शिवाय २०१३ पासून 'लोकल' हे शेपूट मल्टिकास्ट डीएनएससाठी (अवाही वापरतं ती, यंत्रांनी एकमेकांना थेट नाव विचारायची पद्धत) राखीव आहे, तेव्हा स्वतःच्या डीएनएसमध्ये ते वापरू नका. काही यंत्रं तुमच्या डीएनएसला विचारतच नाहीत. 'डॉट डेव्ह'ही नको. ते खरंखुरं डोमेन आहे आणि ब्राउझर तिथे एचटीटीपीएसचा (सुरक्षित जोडणीचा) हट्ट धरतो. घरासाठी २०१८ पासून 'होम डॉट आर्पा' राखून ठेवलंय, मी तेच वापरतो.

तुमच्यासाठी मी घरातच छोटा डीएनएस सुचवेन. राउटरमध्ये स्थानिक नावं लिहायची सोय असेल तर उत्तम, नसेल तर त्याच लॅपटॉपवर डीएनएसमास्क किंवा पाय-होल हा डीएनएस चालवणारा प्रोग्राम. फोटो.होम.आर्पा आणि टिपण.होम.आर्पा ही दोन्ही नावं १९२.१६८.१.५० कडे वळवा आणि राउटरच्या डीएचसीपीमध्ये डीएनएस म्हणून लॅपटॉपचा पत्ता द्या. दुसऱ्या डीएनएसच्या रकान्यात 'असू दे जोडीला' म्हणून ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) भरू नका! तो रकाना पहिला बंद पडल्यावरच वापरला जातो असं नाही. यंत्र दोघांपैकी कुणालाही विचारू शकतं, आणि बाहेरच्याला तुमच्या घरातली नावं ठाऊक नसतात. मग साइट कधी उघडते, कधी नाही, आणि डोकं भणभणतं. (लॅपटॉप बंद तर घरभर इंटरनेट बंद, हा याचा तोटा. घरच्यांना आधी सांगून ठेवा.) फोनमधला प्रायव्हेट डीएनएस आणि ब्राउझरमधला सिक्युअर डीएनएसही घरच्या डीएनएसला वळसा घालून जातात, तेही पाहा.

राहिली चुकीची साइट. ब्राउझर प्रत्येक रिक्वेस्टसोबत होस्ट हेडरमध्ये नाव पाठवतो आणि सर्व्हर त्यावरून साइट निवडतो: एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सर्व्हर-नेम, अपाचीत व्हर्च्युअल होस्टमधलं सर्व्हरनेम. कुठलंच नाव जुळलं नाही की सहसा पहिला ब्लॉक (एका साइटच्या सेटिंगचा भाग) उत्तर देतो. नुसता आयपी टाकल्यावर फोटोच दिसतात ते यामुळेच, तो बिघाड नाही. प्रत्येक साइटच्या ब्लॉकमध्ये तिचं पूर्ण नाव लिहा आणि सर्व्हर रीलोड करा.

तपासताना दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कर्लला (कमांड देऊन रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाला) आयपी द्या आणि होस्ट हेडरमध्ये टिपणांच्या साइटचं नाव घाला. टिपणं आली तर वेब सर्व्हर ठीक, उरलेला घोळ डीएनएसचा. नावाचा पत्ता तपासायची एनएसलुकअप ही कमांड फक्त डीएनएसला विचारते, होस्ट्स फाइल बघत नाही. ती फाइल वापरली असेल तर पिंग करून बघा. ॲड्रेस बारमध्ये सुरुवातीला एचटीटीपी पूर्ण टाइप करा, नाहीतर ब्राउझर ते नाव गूगलवर शोधायला निघतो.

कुलपाचं चिन्ह (म्हणजे एचटीटीपीएस) हवं असेल तर होम डॉट आर्पाला लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेचं सर्टिफिकेट मिळत नाही. त्यासाठी स्वतःचं डोमेन घेऊन डीएनएस चॅलेंज (डीएनएसमध्ये नोंद करून डोमेन आपलंच आहे हे दाखवणं) करावं लागेल.

एवढं करूनही अडलं, तर फोन ज्या वायफायवर आहे त्याच वायफायवरच्या कॉम्प्युटरवर एनएसलुकअप काय उत्तर देतं ते इथे लिहा, पुढचं त्यावरून बघू.