यवतमाळकडच्या खेड्यातून मुंबईला एकट्यानं फुटबॉल मॅच पाहायला जायचं तर कसं जमवावं?

तुम्ही लिहिलंय की गाव यवतमाळ जिल्ह्यात, फुटबॉल आजवर मोबाईलवरच पाहिला, गावातलं कोणी सोबत यायला तयार नाही आणि अंधेरीला मुंबई सिटी या फुटबॉल क्लबची मॅच पाहायची आहे. एकट्यानं गेलं तर विचित्र दिसेल का, हेही विचारलंय. नाही दिसणार. तिथं सगळ्यांची तोंडं मैदानाकडं असतात, शेजारचा कोणासोबत आलाय हे पाहायला कोणाला फुरसत नसते. कठीण आहे ती मॅचनंतरची रात्र. रेफ्रीची शेवटची शिट्टी वाजते तोवर आपल्याकडची गाडी सुटून गेलेली असते. म्हणून आधी परतीचं ठरवा, मग मॅचचं तिकीट काढा.

आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग, मुंबई सिटी याच स्पर्धेत खेळते) मॅच साधारण संध्याकाळी ५ किंवा ७.३० ला सुरू होतात. ४५-४५ मिनिटांचे दोन भाग, मध्ये १५ मिनिटांची सुट्टी, वर वाया गेलेल्या वेळेची भरपाई. म्हणजे ७.३० ची मॅच साडेनऊच्या आसपास संपते. विदर्भ एक्सप्रेस सीएसएमटीहून सातच्या सुमाराला निघते, हावडा मेल नऊच्या थोडं पुढं. ५ ची मॅच असेल तर हावडा मेल गाठता येते, ७.३० ची असेल तर दोन्ही गेल्या. मग सरळ सकाळी सहाची गीतांजली धरा. ती धामणगावला (आपल्याकडचं जवळचं स्टेशन) थांबत नाही, बडनेरा किंवा वर्ध्याला उतरावं लागतं. (वेळा बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी ॲपवर पाहून घ्या.) रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पण मॅचची तारीख कधी कधी सरकते. तारीख पक्की व्हायच्या आधी काढलेलं तिकीट रद्द करताना पैसे कापले जातात. तत्काळच्या भरवशावर राहायचं असेल तर स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी ११ ला उघडतं. त्या वेळी वावरात रेंज नसेल तर फाट्यावर येऊन बसा.

जाताना धामणगावहून विदर्भ एक्सप्रेस बरी, सकाळी मुंबईत पोचवते. पुष्कळ जण दादरला उतरायचा सल्ला देतील. तुम्ही सीएसएमटीलाच उतरा, कारण दुसऱ्या दिवशीची गाडी तिथूनच आहे आणि बॅग तिथल्या क्लोकरूममध्ये ठेवता येते. बॅगेला कुलूप नसेल तर क्लोकरूमवाले घेत नाहीत, आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं. दिवसा दोन-तीन तास पाठ टेकायची असेल तर आयआरसीटीसीवर तुमच्या पीएनआरवरच रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी मिळते का ते आधी बघून ठेवा. आलोच आहोत तर मुंबई पाहू म्हणून उन्हातान्हात फिरू नका, संध्याकाळी पाय बोलायला लागतात.

स्टेडियमसाठी सीएसएमटीहून मध्य रेल्वेची फास्ट लोकल पकडून घाटकोपर, तिथून मेट्रो-१, आणि अंधेरीच्या पुढचं स्टेशन आझाद नगर. अंधेरीला उतरून ऑटो शोधत बसू नका, स्टेडियम आझाद नगरहून पायी अंतरावर आहे. ७.३० च्या मॅचला सीएसएमटी दुपारी चारच्या आत सोडा. पाचनंतर घाटकोपरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सवय नसलेल्या माणसाला दारातून आत शिरणंच अवघड.

मॅचचं तिकीट क्लबच्या अधिकृत पानावर दिलेल्या लिंकवरूनच काढा. सीट निवडताना मधल्या रेषेच्या जवळ आणि वरच्या रांगेत. खालची पहिली रांग मोहात पाडते, पण तिथून पलीकडच्या बाजूचा खेळ नुसता पायांची गर्दी दिसतो. वेस्ट कोस्ट ब्रिगेड म्हणून मुंबई सिटीच्या चाहत्यांचा गट आहे, ते पूर्णवेळ उभे राहून ढोल-गाण्यांसह ओरडतात. पहिल्याच वेळी त्यांच्यात बसू नका. मजा येते, पण खेळ दिसत नाही. त्यांना समोरून ऐका. शर्ट आकाशी घाला किंवा साधा पांढरा. केरळा ब्लास्टर्सशी मॅच असेल तर पिवळा नको, गोव्याशी असेल तर भगवा-नारिंगी नको. मारामारी कोणी करत नाही, पण एकटं असताना उगाच टोमणे कशाला खायचे?

गेटवर अडकतात ते खिशातल्या वस्तूंमुळे. पाण्याची बाटली, डबा, पॉवर बँक, लायटर, काडेपेटी, झेंड्याची काठी, मोठी बॅग हे सहसा आत नेऊ देत नाहीत. खर्रा, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी तर पहिल्या झडतीतच जाते. खर्ऱ्याची सवय असेल तर तीन तास त्याशिवाय बसायची तयारी ठेवा, कारण एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत. पॉवर बँक नाही म्हणजे मोबाईलची बॅटरी गेटपर्यंत टिकवायची. गर्दीत नेट बसतं, म्हणून तिकिटाचा क्यूआर क्लोकरूममधून निघतानाच उघडून स्क्रीनशॉट काढा. काही तिकिटांचा कोड दर वेळी बदलतो, ॲपमध्ये तसं लिहिलेलं असेल तर स्क्रीनशॉट चालणार नाही. आधारची प्रत खिशात असू द्या, आणि परतीच्या तिकिटाचे तपशील एका कागदावर लिहून ठेवा. मोबाईल बंद पडला तर तोच कागद कामी येतो.

तास-दीड तास आधी आत जा, आणि वॉर्म-अप चुकवू नका. टीव्ही ते धड दाखवत नाही. गोलकीपरला जवळून सारखे शॉट मारतात, बॉल ग्लोव्हजवर आदळल्याचा फाट् असा कोरडा आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो.

मॅच सुरू झाली की टीव्हीची सवय नडते. तिथं कॅमेरा बॉलमागं पळतो, इथं तुमचे डोळे तेच करतील आणि अर्धी मॅच हुकेल. बॉल एका बाजूला असताना दुसऱ्या टोकाचे चार बचावपटू बघा: एक हात वर करून ओरडतो आणि चौघं दोरी ओढल्यासारखे एकदम पुढं सरकतात. ऑफसाईडची रेषा ती हीच, पास मारताना हिच्या पलीकडं असलेला समोरच्या संघाचा खेळाडू ऑफसाईड धरतात. लाईनवरचा सहायक रेफ्री बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीनं आडवा पळत असतो (शेवटचा बहुतेक वेळा गोलकीपर). आपल्याकडं रिप्ले नाही, समालोचन नाही, तेव्हा त्याचा झेंडा वाचायला शिका. झेंडा आधी सरळ वर जातो. मग तिरपा वरच ठेवला तर ऑफसाईड त्याच्यापासून लांबच्या बाजूला, आडवा धरला तर मध्ये, खाली झुकवला तर त्याच्या जवळ. डोक्यावर दोन्ही हातांनी आडवा धरला तर खेळाडू बदलायचा आहे. रेफ्री एक हात उंच धरून उभा असेल तर फ्री किक अप्रत्यक्ष, थेट मारून गोल होत नाही. एवढं कळलं तरी शेजाऱ्याला विचारायची वेळ येत नाही.

लघवीला ४२-४३ व्या मिनिटाला उठा. शिट्टीनंतर उठलात तर पंधरा मिनिटं रांगेत जातात.

मुंबईच्या आधी, जमलं तर, नागपूर किंवा कामठीला लीगची मॅच बघून या. कामठीत फुटबॉल जुना आहे, रब्बानी क्लबचं नाव तिकडं लहान पोरांनाही माहीत असतं. तिथं झडती नाही, कोड नाही, बाजूच्या रेषेजवळ उभं राहून खेळाडूंचे श्वास ऐकू येतात. फक्त गोलच्या मागं उभे राहू नका, चुकलेला शॉट कुठं बसेल सांगता येत नाही. झेंडा वाचायचा सरावही तिथंच होतो.

मॅच संपल्यावर लगेच गर्दीत घुसू नका, दहा मिनिटं बसून राहा. मग मेट्रोनं अंधेरी, आणि तिथून हार्बरची लोकल. ती थेट सीएसएमटीला जाते, दादरला बदलायची गरज नाही. फलकावर सीएसएमटी लिहिलेलं बघूनच चढा, कारण त्याच स्टेशनवरून चर्चगेटच्याही गाड्या सुटतात. बॅग घ्या, तिकीट दाखवून वेटिंग रूममध्ये बसा, पावणेपाचचा अलार्म लावा. गीतांजली दुपारनंतर बडनेऱ्याला, मग वर्ध्याला पोचते. उशीर झाला तर यवतमाळहून गावाकडं जाणारी मुक्कामी गाडी हुकते, तेव्हा निघायच्या आधीच एसटी स्टँडवर तिची वेळ विचारून ठेवा आणि गावात मोटारसायकल असलेल्या एकाला सांगून ठेवा.