दोह्याला येतोयस? कफाला कागदावरून गेला, पण...

तू विचारलंस, ‘दादा, कतारमधला कफाला संपला म्हणतात, मग इलेक्ट्रिशियनच्या कामावर यायला हरकत नाही ना?’ मी रत्नागिरीहून २०१४ साली इथे आलो. कफाला म्हणजे कामगाराला मालकाशी बांधून ठेवणारी पद्धत: तेव्हा मालकाच्या सहीशिवाय नोकरी बदलता यायची नाही, देशाबाहेरही पडता यायचं नाही. आई गेल्याचा फोन आला, तेव्हा एक्झिट परमिटसाठी, म्हणजे देश सोडायच्या परवानगीसाठी, मी दोन दिवस ऑफिसच्या दारात बसून होतो. सही करणारा साहेब सुट्टीवर. घरी पोचलो तोवर अस्थी सावडून झाल्या होत्या.

हे बदललं ते कुणाला दया आली म्हणून नाही. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकामुळे जगाची नजर इथे लागली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे तक्रार गेली, २०१८ मध्ये तिचं ऑफिस दोह्यात उघडलं. त्याच वर्षी बहुतेकांची एक्झिट परमिटची अट सुटली, २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाची एनओसी (ना-हरकत पत्र) लागायची तीही अट गेली. मार्च २०२१ पासून किमान मूळ पगार १००० कतारी रियाल. ‘दुसऱ्या देशाच्या कारभारात बोलू नये’ असं आपल्याकडे बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. बाहेरचे बोलले म्हणूनच आज इथला कामगार आईच्या अंत्यविधीला वेळेत पोचू शकतो.

तरी गाफील राहू नकोस. तुझा राहण्याचा परवाना आजही कंपनीच काढते, आणि नोकरी सोडतो म्हटलं की ‘पळून गेला’ अशी तक्रार ठोकणारे मालक आहेत. पासपोर्ट स्वतःजवळ ठेव, तो काढून घेणं कायद्याने गुन्हा आहे. एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापलीकडे एक पैसा देऊ नकोस. मुंबईच्या कतार व्हिसा सेंटरमध्ये करारावर सही करण्याआधी मूळ पगाराचा आकडा बघ, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्यावरच मोजतात. भत्ते फुगवून मूळ पगार कमी दाखवायची इथे जुनी खोड आहे.

आणि राजकारण आपल्यापर्यंत येत नाही असं समजू नकोस. जून २०१७ मध्ये सौदीने सीमा बंद केली आणि दुकानातलं रोजचं दूध गायब झालं. मग आपल्या न्हावा शेवाहून इथल्या हमाद बंदराला थेट जहाजं सुरू झाली. जून २०२५ मध्ये इराणने इथल्या अमेरिकेच्या अल उदैद लष्करी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, त्या रात्री विमानं बंद होती. परतीच्या तिकिटाचे पैसे कायम बाजूला ठेव.

ॲग्रीमेंट हातात आलं की सही करण्याआधी मला फोटो पाठव.