आउटबोर्ड इंजिन तापतंय? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : माझं ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) मंद चालवलं तर ठीक असतं. पूर्ण रेस दिली की पाच-सात मिनिटांत तापल्याचा भोंगा वाजतो. इंपेलर (इंजिन थंड करणारं पाणी उचलणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) नवा आहे, बाजूच्या भोकातून पाण्याची धारही जोरात पडते. दोष कुठे शोधू?

उत्तर : धार जोरात पडते यावरून पंप पाणी उचलतो आहे एवढंच कळतं. बऱ्याच इंजिनांमध्ये ही धार पाणी सिलिंडर हेडभोवती (सिलिंडरच्या झाकणाभोवती) फिरण्याच्या आधीच बाजूला काढलेली असते. त्यामुळे धार उत्तम आणि हेड मात्र मिठाने चोंदलेलं, असं सर्रास आढळतं. धारेवर निर्धास्त राहू नका.

फक्त जास्त वेगातच तापत असेल, तर पाणी येतं पण गरजेइतकं येत नाही, असं समजा. तपास स्वस्त गोष्टीपासून सुरू करा. गिअर केसच्या (पंख्याजवळच्या पाण्यातल्या भागाच्या) दोन्ही बाजूंच्या पाणी घेण्याच्या जाळ्या काढून आतून बघा. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या जाळीच्या मागे शिंपले, रंगाचे पापुद्रे किंवा प्लॅस्टिकचा तुकडा अडकलेला असतो. जाळीवर रंग मारलेला असेल तर तो खरवडून भोकं मोकळी करा.

मग इंजिनाची उंची. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा जेमतेम २५ मिलिमीटर खाली असावी. इंजिन उंच बसलं असेल किंवा ट्रिम (इंजिनाचा कल) फार वर घेतला असेल, तर वेगात जाळ्या पाण्याबरोबर हवाही ओढतात. इंजिनासमोर तळाला एखादा सेन्सर किंवा नळी बसवलेली असेल, तर तिच्या मागे उठणारे बुडबुडे थेट जाळीत जातात. ही शक्यता फार जण तपासतच नाहीत.

इथवर काही सापडलं नाही तर हेडकडे वळा. तुमच्या इंजिनात दाबाचा व्हॉल्व्ह असेल, तर तो वाढत्या रेसला उघडून जादा पाणी सोडतो. मिठाने तो मिटलेल्या अवस्थेत अडकला की नेमकी तुमच्यासारखी लक्षणं दिसतात. स्प्रिंग, रबरी पडदा आणि बैठक तिन्ही तपासा. थर्मोस्टॅटचं (पाणी ठरावीक तापलं की उघडणाऱ्या झडपेचं) झाकण उघडल्यावर आत पांढरा कडक थर दिसला, तर पाण्याचे मार्गही तसेच भरले आहेत असं धरा. हेडचं आवरण काढून ते साफ करावे लागतील आणि परत बसवताना गास्केट नवंच लागेल.

एक शेवटची शक्यता टू-स्ट्रोकसाठी महत्त्वाची आहे. पाण्याचा मार्ग निर्दोष असूनही कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) अर्धवट बुजला, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते आणि पूर्ण रेसला सिलिंडर तापतो. स्पार्क प्लगचं टोक पांढरंफटक दिसलं तर इकडे लक्ष द्या.

प्रश्न : आमचं इंजिन उलट वागतं. धक्क्याजवळ संथ चालवताना तापतं, वेग घेतला की थंड होतं. असं का?

उत्तर : याचं कारण पंपाच्या घडणीत आहे. इंपेलर एका बाजूला सरकवलेल्या गोल डब्यात फिरतो. कमी वेगात त्याची रबरी पाती डब्याच्या भिंतीला घासत वाकतात आणि सरळ होतात, त्या हालचालीनेच पाणी ढकललं जातं. वेग वाढला की पाती भिंतीपासून सुटतात आणि पंप केंद्रोत्सारी बलावर चालतो. म्हणून पाती झिजली किंवा एकाच दिशेला वाकून कडक झाली, की त्रास आधी संथ वेगातच जाणवतो. दाबाचा व्हॉल्व्ह वाळूच्या कणामुळे उघडा राहिला तरी हेच होतं, पण पहिला संशय इंपेलरवर घ्या.

बदलताना इंजिन कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या गिअरमध्ये ठेवा, बोल्ट सोडा, गिअर बदलणाऱ्या दांड्याचा जोड सुटला आहे याची खात्री करा आणि लोअर युनिट (गिअर केससह इंजिनाचा खालचा भाग) सरळ खाली उतरवा. नुसता इंपेलर घेऊ नका. डबा, खालची स्टीलची पट्टी, चावी (इंपेलर शाफ्टवर घट्ट धरणारा लहान तुकडा), सील आणि गास्केट असा पूर्ण संच घ्या. पट्टीवर नखाला लागेल अशी चर असेल तर नवा इंपेलरही पाणी कमी देतो. पात्यांना साबणाचं पाणी लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. डबा खाली दाबताना शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा, पण वरच्या सपाट टोकाला नको, तिथे साठलेलं ग्रीस शाफ्टला पूर्ण बसू देत नाही. पाण्याची नळी आपल्या रबरात नीट शिरली की नाही, तेही पाहा.

जुन्या इंपेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वर नळीत किंवा हेडमध्ये गेला आहे. तो सापडेपर्यंत काम पूर्ण झालेलं नाही.

प्रश्न : थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर?

उत्तर : काढू नका. इंजिन कायम थंड राहिलं तर पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे होतात आणि फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. त्यापेक्षा तपासा. झडपेच्या फटीत दोरा अडकवून थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात लोंबता ठेवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. झडप उघडली की तो दोऱ्यातून सुटून खाली पडतो. बहुतेक आउटबोर्डमध्ये हे ५० ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान घडतं, नेमका आकडा त्याच्यावर कोरलेला असतो. गाडीचा थर्मोस्टॅट बसवू नका. तो बराच जास्त तापमानाला उघडतो आणि तेवढ्या उष्णतेत समुद्राच्या पाण्यातले क्षार झपाट्याने थर धरतात.

प्रश्न : भर पाण्यात भोंगा वाजला तर आधी काय करावं?

उत्तर : रेस कमी करून न्यूट्रलला या आणि धार बघा. धार चालू असेल तर दोन-तीन मिनिटं संथ चालू द्या, वाहत्या पाण्याने इंजिन निवतं. धार नसेल तर लगेच बंद करा, इंजिन वर उचला, जाळीवरची पिशवी किंवा शेवाळ काढा. धारेच्या भोकात जाड नायलॉनचा दोरा घालून पाहा. गरम इंजिनावर थंड पाणी मात्र ओतू नका, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. हेडवर हात टेकवता येईपर्यंत पुन्हा सुरू करू नका.

इंजिन एकदा जोरात तापलं असेल तर किनाऱ्यावर आल्यावर कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा : सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बंद करण्याची सुरक्षा दोरी काढलेली. सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर हेड गास्केट किंवा रिंग गेली आहे असं समजून ते उघडा.

प्रश्न : गोड्या पाण्याने किती वेळ धुवावं?

उत्तर : जाळ्यांवर रबरी कप लावून धूत असाल तर १० ते १५ मिनिटं, गिअर न टाकता, फक्त संथ रेसवर. आधी पाणी सोडा, मग इंजिन सुरू करा. कोरडा इंपेलर काही सेकंदांतच खराब होऊ लागतो. थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय गोडं पाणी हेडमध्ये पुरेसं फिरत नाही, म्हणून दोन मिनिटांत आवरू नका. पाइप जोडायची वेगळी तोटी असेल तर इंजिन बंद ठेवायचं की चालू, हे पुस्तिकेत पाहून ठरवा, अनेक इंजिनांना ते बंदच लागतं.